उभं किती, आडवं किती

मला वाचवलं ते माझ्या घरमालकांनी. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात ते इतके विचित्र दिसतील की असल्या माणसाने कुणाला काय वाचवलं असेल, अशी शंका वाचणाऱ्याला यायची. त्यांना मी सर म्हणायचो. त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नव्हतो. माझी शाळा नववीतच सुटली, आणि तीही देवगडाकडच्या एका गावात. पण नागपूरच्या प्रताप नगरातला तो सगळा ले-आउट, म्हणजे तिथली वसाहत, त्यांना सरच म्हणायचा. ते शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे. माझी त्यांची भेट झाली तेव्हा शाळा सुटली होती आणि शिकवणं मात्र सुटलं नव्हतं.

मी नागपूरला आलो ते गावच्या एका माणसाच्या भरवशावर. तो इथे रेल्वेत होता. मी स्टेशनावर उतरलो त्याच्या आठ दिवस आधी त्याची भुसावळला बदली झाली होती. परत जायला तोंड नव्हतं, कारण निघताना 'नोकरी ठरलेली आहे' असं मी आईला सांगून बसलो होतो. हाताशी एकच विद्या होती, गाठी मारायची. आमच्याकडे होड्या बांधतात तशा. त्या विद्येवर मला महालातल्या एका बिछायत केंद्रात काम मिळालं. लग्नाकार्याला मंडप, गाद्या, खुर्च्या, भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला तिकडे बिछायत केंद्र म्हणतात. मी बल्ल्या, म्हणजे मंडपाचे लाकडी खांब, बांधायचो, छत ताणायचो. वय तेवीस. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा, आज काढून टाकतील का.

खोली मिळाली त्याचीही एक गोष्टच आहे. सरांच्या अर्ध्या बांधलेल्या घराची बाहेरची खोली रिकामी होती. मी विचारायला गेलो तर त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगार तर नाहीच.

"भिंतीले शिडी टेकून ठेवली. सरकली तर कुठून सरकंल?"

"खालून," मी म्हटलं.

"काहून?"

"ते माहीत नाही. पण आम्ही पायाशी एक माणूस बसवतो."

सर आत वळून म्हणाले, "ऐकलं का वं? हा राहते आपल्याकडे." माझ्या आधी एक बँकेतला कारकून येऊन गेला होता. त्याने 'शिडीचं नंतर पाहू, आधी मोरी दाखवा' असं म्हटल्यामुळे त्याला मोरी दाखवलीच नाही, असं नंतर सरांच्या बायकोकडून, काकूंकडून कळलं.

सरांचा सिद्धान्त असा होता की जगात सरळ काही नसतं. प्रत्येक ओढ तिरपी असते, प्रत्येक धक्का तिरपा असतो. त्याचे दोन तुकडे करायचे, एक उभा आणि एक आडवा. मग सगळे उभे एकीकडे मांडायचे, सगळे आडवे दुसरीकडे. दोन्हीकडची बेरीज शून्य आली की वस्तू जागची हलत नाही. "यालेच समतोल म्हणते," ते सांगायचे. "बाकी समतोल-बिमतोल बाबालोक सांगते, तो वेगळा."

हे त्यांनी फळ्यापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. खिशात कायम खडूचा तुकडा. घराच्या दारावर बाण, कडीजवळ, इथे ढकला असं सांगणारा. पाण्याच्या टाकीवर बाण. काकूंच्या जात्यावरसुद्धा एक बाण होता, तो त्या रोज पुसायच्या आणि सर रोज काढायचे. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी इतकी सैल बांधली होती की मधोमध घातलेलं लुगडं जमिनीला टेकायचं. काकू म्हणायच्या, "ताठ बांधा न जी थोडी." सर म्हणायचे, "ताठ दोरी काम कमी करते अन् कुंथते जास्त." मग काकू लुगडं कडेला वाळत घालायच्या आणि मधे सरांचे बनियन.

भाजी आणायला ते सायकलवरून जायचे. हँडलच्या एका बाजूला पिशवी अडकवली की सायकल त्या बाजूला ओढते, हे त्यांना सहन होत नसे. म्हणून दुसऱ्या बाजूच्या पिशवीत ते घरून एक वीट घेऊन निघायचे. बटाटे आणि वीट, असे दोन्ही तोलून, वाऱ्याविरुद्ध घामाघूम होऊन घरी यायचे. अर्धे बटाटे इकडे आणि अर्धे तिकडे टाकता येतात, हे मी एकदा भीतभीत सुचवलं. "येते," ते म्हणाले, "पण मंग जाताना काय करशील? जाताना बटाटे कुठून आणशील?" वीट घेतलीच नाही तर जाताना दोन्ही पिशव्या रिकाम्याच असतील, हे मी बोललो नाही. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एका माणसाचं ओझं दुप्पट करायले एवढं शिकावं लागते, पाहून घे बाबा. तू नववीत सोडली ते बरं केलं."

घरातली भांडणंही या उभ्या-आडव्या फोडीतून सुटायची नाहीत. सरांची बहीण आठ दिवस राहून गेली की काकू दोन दिवस धुमसायच्या. सर त्यांना समजावायचे की हा राग तिरपा आहे. त्याचा आडवा भाग बहिणीवर आहे, उभा भाग खुद्द सरांवर, आणि दोन्ही वेगळे केले तर कोणताच फार मोठा नाही. काकूंनी एकदा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ओट्यावर ताट ठेवत म्हटलं, "मंग तुमचा उभा भाग आज उभ्यानंच जेवा." सर खरोखरच उभ्याने जेवले. जेवताना त्यांनी मला समजावून सांगितलं की उभ्या माणसाच्या दोन पायांवर भार कसा विभागतो.

आता माझ्या मालकांविषयी. ते बिछायतवाल्यांमध्ये मोठे समजले जायचे आणि त्यांचा एकच हट्ट होता, मंडपात काही लोंबता कामा नये. छत, झालर, दिव्यांची माळ, तार, सगळं सुतासारखं सरळ. ते एक डोळा मिटून मंडपाच्या एका टोकाला उभे राहायचे आणि बोट दाखवायचे. "झोळ दिसून राहिला. झोळ दिसला का वऱ्हाडी म्हणते, गरिबाचा मंडप होय." आम्ही ताणायचो. मंडप सरळ दिसायचा. बल्ल्या कधी कधी आत वाकायच्या. मग त्यांना मागून दोर लावून ओढायचो.

मालकांचा जीव एका काचेच्या झुंबरात होता. कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरच्या सामानातून त्यांनी ते उचललं होतं. वजन चाळीस किलो. ते भाड्याने फार क्वचित जायचं, पण गेलं की मालक स्वतः हजर असायचे. त्या उन्हाळ्यात रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांच्या मुलीचं लग्न होतं. बंगल्याच्या आवारात मंडप, मधोमध वधूवरांच्या दोन मोठ्या खुर्च्या आणि खुर्च्यांच्या वर झुंबर. दोन खांबांत वीस फुटांची लोखंडी तार आणि तारेच्या मधोमध झुंबर. तार बांधायचं काम माझं.

मी बांधली. तार ताणायचा एक स्क्रू असतो, फिरवला की दोन्हीकडून तार आत ओढली जाते. आम्ही त्याला पेच म्हणायचो. मालक एक डोळा मिटून पाहत होते आणि मी फिरवत होतो. सहा इंच झोळ राहिला तेव्हा ते म्हणाले, "अजून आहे गा कोकण्या. मले सरळ पाहिजे. बरं, जाऊ दे, मी जेवून येतो." आणि गेले.

मी शिडीवरच होतो. मला वाटलं, परत येतील आणि त्यांना झोळ दिसणार नाही. कधी नाही ते म्हणतील, वा कोकण्या. मी आणखी दोन फेरे दिले. पेच जड चालत होता, तरी दिले. टेप लावून पाहिला तर सहाचे चार इंच झाले होते. मला इतका आनंद झाला की मी खाली उतरून माठातलं पाणी दोन पेले प्यायलो.

तासाभराने, तीनच्या सुमाराला, तार तुटली. बँडवाले एका कोपऱ्यात बसून बिड्या ओढत होते. मंडपात दुसरं कुणी नव्हतं. झुंबर सरळ नवरदेवाच्या खुर्चीवर आलं. आवाज असा झाला की डॉक्टर दवाखान्यातून उठून आले. कुणाला काही झालं नाही, पण संध्याकाळी त्या खुर्चीवर माणूस बसणार होता, हे सगळ्यांना एकदमच कळलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मालक आले. काचेचे लोलक एका घमेल्यात भरले जात होते, ते त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "गाठ सुटली याची."

"गाठ नाही सुटली मालक, तार..."

"मले नको शिकवू. लोखंडाची तार काय आपोआप तुटते? उद्या सकाळी येऊन आपलं सामान घेऊन जा."

नोकरी गेली हे एक. पण खरी गोष्ट ती नव्हती. महालातले सगळे बिछायतवाले संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात. रात्र पडायच्या आत 'त्या कोकण्याची गाठ सुटते' हे सगळ्यांना ठाऊक होणार होतं, आणि मग नागपुरात माझ्या हातात कुणी सुतळीचा तुकडासुद्धा देणार नव्हतं. माझ्याकडे गाठीशिवाय दुसरं काय होतं?

मी खोलीत येऊन ट्रंक भरायला लागलो. अजून उजेड होता. सर दारात येऊन उभे राहिले.

"काहून गा, सुट्टी का?"

मी सगळं सांगितलं. पेचाचे दोन फेरेसुद्धा सांगितले, कारण सरांना अर्धवट माहिती दिली की ते चिडायचे. त्यांनी खडू काढला आणि माझ्या खोलीच्या फरशीवर बसून चित्र काढलं. दोन खांब, मधे तार, तारेला टांगलेला एक गोळा.

"हे चाळीस किलो खाली ओढते. बरोबर? तर तारेनं ते वर उचललं पाहिजे. आता तार तिरपी आहे. तिच्या ओढीचे दोन भाग कर. उभा भाग झुंबर उचलते. आडवा भाग नुसता खांबाले ओढते, झुंबराच्या काही कामाचा नाही. तार चांगली उतरती असली तर उभा भाग भरपूर. पण तू तिले आडवी केली. जितकी आडवी, तितका उभा भाग बारका. आणि चाळीस किलो तर उचलायचेच आहे. मंग बिचारी काय करंल? सगळी ओढच वाढवंल."

मला कळलं नाही. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू आणि मी, दोघांनी पाण्याने भरलेली एक बादली दोन बाजूंनी धरली. जवळ उभे होतो तेव्हा काही वाटलं नाही. सर म्हणाले, "आता दूर सरका." आम्ही सरकलो. हात जसे आडवे होत गेले तसे माझे खांदे निघायला लागले. बादली तेवढीच होती. काकू म्हणाल्या, "ठेवू का आता, का उद्यालोक शिकवता?"

मग सरांनी आकडे मांडले. दोन फूट झोळ असता तर तारेवर शंभर किलो ओढ. सहा इंचांवर चारशे. चार इंचांवर सहाशे. जाडी विचारून घेऊन त्यांनी कुठलंसं जुनं पुस्तक उघडलं आणि ती तार पाचशेच्या आसपास तुटते असं काढलं. मी आकड्यांकडे पाहत राहिलो. मालकांच्या सहा इंचांवर तार टिकली असती. तिला तोडलं ते माझ्या दोन फेऱ्यांनी.

सरांनीही ते पाहिलं होतं. "सकाळी मी येतो तुझ्यासंग," एवढंच म्हणाले.

सकाळी आम्ही दोन सायकलींवर महालात गेलो. सरांच्या पिशवीत वीट होतीच. दुसऱ्या पिशवीत काही नव्हतं, म्हणजे ती वीट आज कशालाही तोलत नव्हती. सायकल सारखी डावीकडे जात होती.

दुकानात मालक गादीवर बसले होते. सर नमस्कार करून म्हणाले, "मी याचा घरमालक. दोन माणसं पाहिजे, चांगले जोरदार. अन् थोडी सुतळी."

मालकांना वाटलं भाड्याने पाहिजेत. त्यांनी आखाड्यात जाणारे दोन हमाल पुढे केले. सरांनी मला सुतळीच्या मधोमध वीट बांधायला सांगितली. मी बांधली. सुतळीची टोकं दोन काठ्यांना गुंडाळून त्यांनी हमालांच्या हातात दिली.

"ही वीट तीन किलोची आहे. सुतळी सरळ करून दाखवा. एकदम सरळ, झोळ नको."

हमाल हसले आणि ओढायला लागले. वीट वर आली, आणखी आली, आणि थांबली. वीतभर झोळ होता तो काही जाईना.

"काहून गा, जेवले नाही का?" मालक म्हणाले.

"जेवलो जी. जाऊन नाही राहिला."

"हटा." मालक स्वतः उठले. एका हमालाच्या हातातली काठी घेऊन त्यांनी पाय रोवले आणि ओढ दिली. चेहरा लाल झाला. एक डोळा आपोआप मिटला होता. सर बाजूला उभे राहून म्हणत होते, "अजून आहे झोळ. अजून आहे." सुतळी तुटली आणि मालक मागच्या गाद्यांच्या थप्पीवर बसले.

दुकानात कुणी हसलं नाही. हसण्याची सगळ्यांची इच्छा मात्र स्पष्ट दिसत होती.

सरांनी वीट उचलून मालकांसमोर धरली. सुतळीचे दोन तुकडे तिला लोंबत होते. "गाठ पाहून घ्या. गाठ जागची हालली नाही."

मग त्यांनी दुकानाच्या फरशीवर चित्र काढलं. उभं किती, आडवं किती. मालक व्यवहारी माणूस, ते माझ्यापेक्षा लवकर समजले. आणि समजले म्हणूनच त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला.

"चार इंच म्हणून राहिले तुम्ही मास्तर. मी जेवाले गेलो तेव्हा तर मले सहा वाटले होते."

सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते खडू हातात फिरवत होते.

"तुम्ही किती मागितले होते?"

"मी तर सरळ सांगतलं होतं."

"सरळ म्हणजे शून्य इंच. शून्याले तर माझ्या गणितात उत्तरच नाही, जगातली कोणतीच तार पुरणार नाही. हा चारावर थांबला म्हणून तासभर तरी टिकली. तुमचं ऐकलं असतं तर शिडीवर असतानाच याच्या डोक्यावर आली असती."

यात एक शब्द खोटा नव्हता. मालकांनी डोकं खाजवलं. "म्हणजे माझी चूक म्हणता का?"

"मी चूक नाही म्हणत. मी चार इंच म्हणतो."

मालकांनी माझ्याकडे पाहून, "उभा काहून आहेस, गाद्या उचल," असं म्हटलं, आणि मी उचलल्या. त्या दिवशी संध्याकाळी टपरीवर त्यांनी बाकीच्या बिछायतवाल्यांना सांगितलं की तार कधी ताठ बांधू नये, थोडा झोळ ठेवावा, हे आपण तीस वर्षांच्या अनुभवातून शिकलो आहोत. पुढच्या लग्नापासून आमच्या मंडपात सगळं थोडं लोंबायला लागलं. वऱ्हाडी काही म्हणाले नाहीत.

त्या सकाळी मी गाद्या रचेपर्यंत सर थांबले होते, मग जेवायला आम्ही बरोबरच परत निघालो. वर्धा रोडच्या अलीकडे त्यांनी सायकल थांबवली आणि कडुनिंबाखाली उभे राहिले. "ते दोन फेरे मी गाळले," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, तुम्ही खोटं तर नाही बोललात. "चित्रात एक बळ गाळलं का बाकीचे सगळे खरे असूनही चित्र खोटं असते. तुले नाही कळायचं." मग सायकलवर टांग टाकत म्हणाले, "पण तू राह्यलास, हे एक झालं."

तेव्हा मला कळलं नव्हतं. काकूंनी नंतर कधीतरी लसूण सोलताना सांगितलं. शाळेच्या संस्थाचालकांच्या मुलाच्या पेपरात सरांनी एका बाणाचा अर्धा गुण कापला होता. बाकी सगळं बरोबर, एक बाण राहिलेला. तेवढ्यावरून त्याचा पहिला नंबर गेला. मुख्याध्यापकांनी समजावलं, चालकांनी बोलावून घेतलं, काकूंनी हात जोडले. सरांनी तो अर्धा गुण दिला नाही आणि निवृत्तीला दोन वर्षं असताना शाळा सोडून घरी येऊन बसले. "चालकाच्या पोराले नाही दिला," काकू म्हणाल्या, "अन् तुले आख्खा देऊन बसले." त्यांच्या आवाजात तक्रार होती की नाही, मला ठरवता आलं नाही.

त्या गाळलेल्या दोन फेऱ्यांविषयी सर माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. मला मात्र ते रविवारी अंगणात बसवून बाण काढायला शिकवत राहिले. आज मी कुठलंही झुंबर टांगण्याआधी कागदावर मांडतो. मालकांकडे टांगण्याचं सगळं काम माझ्याकडे आहे. नवे लोक येतात, त्यांना मालक स्वतः तीस वर्षांचा अनुभव सांगतात, आता तो चाळीस वर्षांचा झाला आहे. मी मान डोलावतो. आईला पत्रात लिहितो, मालकांचा माझ्यावर फार विश्वास आहे. हे लिहिताना दर वेळी हात जरा अडतो.

सर आणि काकू मुलीकडे अमरावतीला गेले. पोस्टकार्डं येतात. तब्येत बरी आहे, डाव्या गुडघ्यावर भार जास्त पडतो, कारण शोधतो आहे, असं लिहिलेलं असतं.

मी ठरवलं आहे. एक दिवस मालकांसमोर उभा राहून सांगणार आहे की सहा इंच तुमचे होते आणि पुढचे दोन फेरे माझे, तुम्ही जेवायला गेलात तेव्हाचे, माझ्या हौसेचे. ते काढतील, ठेवतील, त्यांचं ते बघतील. त्याच दिवशी सरांना कार्ड टाकीन की तुम्ही माझ्यासाठी जे गाळलंत ते मी भरून दिलं, आता तुमचं गणित पूर्ण आहे. त्यांच्या उपकाराची फेड याखेरीज दुसरी कशाने होईल असं मला वाटत नाही, आणि ती मी करणार, हे नक्की. फक्त एवढी लग्नसराई जाऊ दे.